तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी वाफेची इंजिने मी पेटवतो कशाला?

माझ्याकडे खेळण्यातली वाफेची अकरा इंजिने आहेत आणि ती पाहायला घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "इतकी जुनी, इतकी महाग वस्तू काचेच्या कपाटात ठेवायची सोडून तुम्ही पेटवता कशाला?" दारात चप्पल घालता घालता विचारलेल्या या प्रश्नाला पुरेसे उत्तर आजवर देता आलेले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

प्रश्नात तथ्य आहे. संग्राहकांच्या बाजारात कधीच न पेटवलेल्या इंजिनाला जास्त किंमत येते, कारण एकदा खाली दिवा लागला की भट्टीच्या पत्र्यावरचा रंग करपतो आणि पितळी बॉयलरच्या पोटाला कायमचा डाग पडतो. म्हणजे प्रत्येक वेळी काडी ओढताना मी स्वतःच्या हाताने त्या वस्तूची किंमत कमी करत असतो. हे कळत असूनही मी ती चालवतो.

माझे पहिले वाफेचे खेळणे इंजिन नव्हते. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, पत्र्याची एक बोट मिळायची. आत तेलाची इवलीशी वात पेटवून ती परातीतल्या पाण्यावर सोडली की फट्-फट् आवाज करत गोल फिरायची. पत्र्याच्या पोकळीतले पाणी उकळून वाफ झाली की ती नळ्यांमधले पाणी मागे ढकलते आणि वाफ निवली की पाणी पुन्हा आत ओढले जाते. बाहेर पडणारी धार एकाच दिशेने जाते, आत येणारे पाणी मात्र चहूबाजूंनी येते, म्हणून बोट पुढेच सरकते. या युक्तीचे पेटंट थॉमस पियो यांनी इंग्लंडमध्ये १८९१ साली घेतले होते, हे मला फार उशिरा समजले. लहानपणी एवढेच दिसले होते की एका वातीच्या आचेवर पत्रा जिवंत होतो.

दुसरे कारण घरातले आहे. १८७७ मध्ये 'जुनी मिल' उभी राहिल्यापासून सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे गाव झाले आणि माझे वडील अशाच एका गिरणीत बॉयलरवर होते. त्यांनी मला बॉयलरजवळ उभे करून शिकवलेली पहिली गोष्ट अशी होती : "काच बघितल्याशिवाय आगीकडे जायचं नाही." काच म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी उभी नळी. गिरणी बंद झाली, बॉयलर भंगारात गेला. पण ते वाक्य माझ्याकडे राहिले आणि ते वापरण्याची जागा मला या खेळण्यांतच सापडली.

मुंबईच्या चोर बाजारात मिळालेले मॅमॉडचे एक इंजिन माझ्याकडे आहे. जेफ्री मॅलिन्स यांनी बर्मिंगहॅममध्ये १९३७ मध्ये सुरू केलेल्या या कारखान्याने मुलांसाठी अगदी सोपी इंजिने बनवली. माझ्या इंजिनाला पातळी पाहायची काच नाही. बाजूला एक स्क्रू आहे, तो काढून तिथून थेंब येईपर्यंत पाणी भरायचे. बोअरचे पाणी मी कधीच वापरत नाही, कारण आमच्याकडचे क्षार बॉयलरच्या आत पांढरा थर धरतात. पावसाळ्यात गच्चीवर पातेली मांडून धरलेले पाणी बाटल्यांत भरून ठेवतो आणि ते वर्षभर पुरवतो. मग दाब वाढला तर वाफ सोडून देणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी हलकेच उचलून तो मोकळा आहे ना, हे पाहायचे, सिलिंडरला जाड तेलाचा थेंब द्यायचा, पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट दिव्यात ओतायचे, पंखा बंद करायचा आणि काडी लावायची. एप्रिलमध्ये, बेचाळीस अंशांत, पंखा बंद करून बसणे सोपे नाही. पण वाऱ्याने ज्योत हलली तर पाणी तापत नाही.

पाच-सात मिनिटांनी बॉयलर आधी कुजबुजतो, मग त्याचा आवाज जाड होत जातो. चाकाला बोटाने झटका दिला की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सिलिंडर नुसते गरम पाणी थुंकतो, कारण थंड पितळेला लागून वाफेचे पुन्हा पाणी झालेले असते. सिलिंडर तापला की ते थुंकणे थांबते आणि चाक धरवत नाही. या इंजिनात वेगळी झडप नाही. सिलिंडरच घड्याळाच्या लंबकासारखा डोलतो आणि डोलता डोलता त्याचे छिद्र एकदा वाफेच्या भोकासमोर, एकदा बाहेर जाणाऱ्या भोकासमोर येते. मागची एक छोटी स्प्रिंग त्याला या भोकांच्या पट्टीवर दाबून धरते. हे मी कितीही वेळा तोंडी सांगितले तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. चाक सावकाश फिरू लागले की तोच माणूस न बोलता खाली वाकतो. टॉवेलच्या मागावरचे दुहेरी सूत पट्टा म्हणून लावून मी त्यावर लहानसा लाइन शाफ्ट, म्हणजे अनेक यंत्रांना फिरवणारा लांब दांडा, चालवतो. एका इंजिनावर रांगेने यंत्रे कशी चालत, हे गिरणी न पाहिलेल्या मुलांना तिथे दिसते.

माझ्या हातून एक इंजिन बिघडलेही आहे. कारखानदाराने दिव्याचे माप असे ठरवलेले असते की बॉयलर कोरडा पडण्याआधी स्पिरिट संपावे. एका दिवाळीत पाहुण्यांनी "अजून एकदा" म्हटले आणि मी पाणी न भरता फक्त दिवा पुन्हा भरला. आत पाणी असेपर्यंत नेहमीच्या दाबाला बॉयलर साधारण १२० अंशांच्या आसपास राहतो. पाणी संपले की त्याला आवरणारे काही उरत नाही, आणि सांधे जोडणारा कथलाचा डाग १९० अंशांच्या आतच वितळतो. झाकणाच्या कडेने चांदीसारखा ओघळ आला. वडिलांचे वाक्य मी मोडले होते आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी आयुष्यभर रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त केलेल्या एका काकांनी तो बॉयलर नव्याने डागून दिला आणि साबणाच्या पाण्याचा फेस लावून एकेक सांधा तपासला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. इंजिन चालताना मात्र तासभर बसून पाहिले.

तेव्हापासून विकत घेतलेले कोणतेही इंजिन मी थेट पेटवत नाही. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, हवा अजिबात न ठेवता, हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब देतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर धार लागते, स्फोट होत नाही. गिरणीतल्या मोठ्या बॉयलरचीही अशीच परीक्षा होत असे. या परीक्षेत न टिकलेले एक इंजिन माझ्याकडे आहे. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीचे ते इंजिन त्या पेढीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दम सोडण्याआधीचे, म्हणजे नव्वदी ओलांडलेले आहे. त्याला मी आग दाखवत नाही, फक्त सायकलच्या पंपाने हवा देऊन महिन्यातून एकदा फिरवतो. त्यात गरम तेलाचा वास नाही, पहिल्या फेऱ्यांचे थुंकणे नाही. तरी पिस्टन मोकळा राहतो. वर्षानुवर्षे कपाटात राहिलेली जी इंजिने माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांचे तेल चिकट होऊन पिस्टन धरलेले होते आणि आतल्या ओलीने बॉयलरच्या पोटात हिरवा थर साचला होता. बाहेरून मात्र ती लखलखीत होती.

म्हणून प्रत्येक वेळी चालवून झाले की बॉयलर कोमट असतानाच पाणी ओतून टाकतो, झाकण उघडे ठेवतो आणि जुन्या चादरीच्या तुकड्याने पितळ पुसतो. हे काम चालवण्याइतकाच वेळ घेते आणि मला ते तितकेच आवडते.

पाहायला येणार असाल तर दिवेलागणीनंतर या. भर दुपारी स्पिरिटची ज्योत दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या ज्योतीजवळ मी मुलांना बसू देत नाही.