रँसचं तळघर: ११६ पायऱ्या आणि एक ग्लास

पॅरिसचा मेव्हणा म्हणाला होता, "तासाभराचं काम आहे. आत जायचं, एक ग्लास घ्यायचा, बाहेर यायचं." पायऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. फ्रान्समधल्या रँस शहरातल्या पॉमेरी या शॅम्पेन कंपनीच्या तळघरात उतरायला ११६ पायऱ्या आहेत, आणि वर येताना त्याच चढायच्या.

पहिला घोळ स्टेशनवरच झाला. पॅरिसच्या गार द लेस्ट स्टेशनहून रँसला थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे, पाऊण तासात पोचते. मी स्वस्त दिसलं म्हणून काढलं ते तिकीट शांपेन-आर्देनचं, आणि ते स्टेशन गावाबाहेर. पुढे ट्राम. बुकिंगची वेळ हुकता हुकता वाचली. पैसे भरण्याआधी स्टेशनचं नाव नीट वाचा. आणि 'रीम्स' म्हणू नका, कोणाला कळत नाही.

जुलै महिना, वर चौतीस अंश, अंगात सुती शर्ट. खाली बाराही महिने १० अंश! स्वेटर न्याच, वरच्या उन्हाला फसू नका. या मुळात रोमन काळातल्या खडूच्या खाणी, ३० मीटर खोल. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं. त्यांना जोडणारे बोगदे १८ किलोमीटरचे. भिंतीवर बोट फिरवलं की ओलसर पांढरी पूड लागते, थेट शाळेचा फळा. आडव्या ठेवलेल्या बाटल्यांच्या पोटाशी यीस्टचा पिठूळ थर दिसतो.

गोष्ट मात्र ऐकण्यासारखी. लुईझ पॉमेरी १८५८ मध्ये विधवा झाल्या, पदरात लहान मुलगी. लोकरीचा धंदा सोडून बाईंनी सगळा जोर शॅम्पेनवर लावला. तेव्हा शॅम्पेन म्हणजे जेवणानंतरचं गोडधोड. रशियाला जायची ती तर निव्वळ पाक. इंग्रजांना मात्र कोरडी, म्हणजे गोड नसलेली, हवी होती. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, गाळ मानेशी आणून काढून टाकला की शेवटी साखरेचा डोस घालतात. बाईंनी नेमका तोच कापला, आणि १८७४ची ब्रूत, म्हणजे कोरडी शॅम्पेन, गाजली. ऐकायला सोपं वाटतं, पण साखर गेली की वाइनचं वैगुण्य झाकायला काही उरत नाही. द्राक्षं नीट पिकलेली लागतात आणि तळघरात वेळ जास्त द्यावा लागतो. आज 'ब्रूत' म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. आमच्याकडच्या लग्नांत शॅम्पेन म्हणून जे गोड पाणी फुटतं, ते विसरा.

मग चढण. सिंहगड चढणाऱ्याला ही काहीच नाही, असं मीही समजत होतो. पण तासभर गारठून आखडलेले पाय वेगळे. अडुसष्टाव्या पायरीवर मी कठडा धरून उभा, आणि काठी टेकत एक आजी "पार्दों" (माफ करा) म्हणून पुढे निघून गेल्या. गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंग करण्याआधीच लिफ्टची चौकशी करा, खाली पोचल्यावर नको.

दुसऱ्या दिवशी एपर्ने, शॅम्पेनचंच दुसरं गाव. छान झालं.

रँसच्या कॅथेड्रलसमोरच्या एका हॉटेलात मात्र एका ग्लासाला एकोणीस युरो मोजले, तोही कोमट. दोन गल्ल्या मागे सुपरमार्केटात अख्खी बाटली तीसला होती. तीच घ्या, खोलीच्या बेसिनमध्ये बर्फ टाकून तासभर ठेवा.