फोटो नीट नाही, पुन्हा काढा

"मॅडम, हा डोळ्याचा फोटो नाहीये, नुसता अंधार आहे. आणि तुमचं मशीन म्हणतंय डोळा चांगलाय."

ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी हे इतक्या शांतपणे म्हणाले की मला आधी काही उमगलंच नाही. मग स्क्रीनकडे पाहिलं. कोपऱ्यात लालसर चंद्रकोर, बाकी सगळं काळं. खाली हिरव्या अक्षरांत आमच्या सॉफ्टवेअरचा निकाल : 'दोष आढळला नाही'. ज्या आजोबांचा तो डोळा होता त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर होती आणि मोतीबिंदू पिकत आला होता.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल फोटोवरून ओळखणं हा माझा पीएचडीचा विषय. प्रबंध झाला, पेपर छापून आला, आकडे देखणे होते, गाइड खूश. व्हायवानंतरच्या चहाला कुणीतरी विचारलं, "मग हे दवाखान्यात कधी लागणार?" मी बेधडक म्हटलं, सहा महिन्यांत. त्याला आता चार वर्षं होऊन गेली. यातलं अल्गोरिदमवरचं काम फार तर तीन महिन्यांचं. उरलेला वेळ कशात गेला ते लिहिते, कारण माझ्यासारखे बरेच जण 'भविष्यातील वाव' या मथळ्याखाली 'प्रत्यक्ष रुग्णालयात वापर' एवढं लिहून मोकळे होतात. मीही झाले होते.

आधी तो काळा फोटो. सॉफ्टवेअर शिकवायला मी सगळ्यांसारखेच खुले फोटोसंच वापरले होते. कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरच्या २०१५च्या स्पर्धेचा अमेरिकेतला प्रचंड संच, फ्रान्समधला १,२०० फोटोंचा मेसिडोर आणि आपल्या नांदेडमधून आलेला आयडीआरआयडी. हा तिसरा लहान, ५१६ फोटोंचाच, पण त्यातल्या काही फोटोंत पडद्यावरचे ठिपके कुठे आहेत हे तज्ज्ञांनी बारकाईनं आखलेलं आहे. नांदेडचा डोळा जगभरच्या संशोधकांच्या संगणकावर पोचला याचा मला उगाचच अभिमान आहे. तर या संचांमधले धूसर, काळपट फोटो मी स्वतःच्या हातानं काढून टाकले होते. प्रबंधात त्याला 'डेटा स्वच्छ केला' म्हणतात. परिणाम काय, तर सॉफ्टवेअरनं खराब फोटो कधी पाहिलेलाच नव्हता. काळ्या फोटोत रक्ताचे ठिपके नाहीत, पिवळे डाग नाहीत, म्हणजे डोळा चांगला. त्याच्या हिशेबानं बरोबरच होतं ते.

याची पूर्वसूचना मला वाचनातून मिळायला हवी होती. गूगलनं असंच तंत्र थायलंडमधल्या सरकारी दवाखान्यांत नेलं होतं आणि २०२०मध्ये त्यांच्याच लोकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की पाचातला एक फोटो यंत्रानं नाकारला, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता आणि परिचारिकांना वेळ नव्हता. मी तो पेपर वाचला होता. संदर्भसूचीत दिलाही होता.

आमच्या ओपीडीत वेगळं काय असणार! असंसर्गजन्य आजारांचा कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, बीपीचं यंत्र आणि खिडकीला पडदा नाही. कॅमेरा ठेवला होता तिथे ऊन थेट पेशंटच्या डोळ्यावर येत होतं. पहिल्या आठवड्यात आमच्या प्रकल्पातली सगळ्यात मोठी तांत्रिक सुधारणा रुग्णालयाच्या शिपाई मामांनी केली. त्यांनी स्टोअरमधून जुनी हिरवी चादर आणली आणि दोन खिळे ठोकून खिडकीवर टांगली.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की फोटो छान येतो, पण दोन-चार तास धूसर दिसतं. साडेबाराची एसटी पकडायची असलेल्या माणसाला ते परवडत नाही. "पोरी, थेंब टाकशील तर मी घरी जाऊ कशी?" असं एका आजींनी विचारलं आणि त्याचं उत्तर माझ्या प्रबंधात नव्हतं.

मग आम्ही सॉफ्टवेअरला तिसरं उत्तर शिकवलं. 'दोष नाही', 'डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा' आणि 'फोटो नीट नाही, पुन्हा काढा'. ऐकायला सोपं वाटतं. पण चाळणी कडक ठेवली तर निम्मे पेशंट पुन्हापुन्हा कॅमेऱ्यासमोर बसतात आणि रांग बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत जाते. सैल ठेवली तर पुन्हा तो काळा फोटो. शेवटी नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनीच तोडगा काढला : दोनदा काढूनही नीट येत नसेल तर तिसऱ्यांदा काढू नका, सरळ वर पाठवा. फोटो न येण्याचं कारण बहुतेक वेळा मोतीबिंदूच असतो आणि त्यालाही डॉक्टर लागतोच. 'नीट दिसत नाही' हा यंत्राचा पराभव नसून तपासणीचाच एक निकाल आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सिस्टरांनी दुसरा धडा दिला. आम्ही मोठ्या हौसेनं निकालाबरोबर शक्यतेचा आकडा दाखवत होतो. ०.७३ वगैरे. सिस्टर म्हणाल्या, "आजीला काय सांगू? तुमचा डोळा शून्य पूर्णांक त्र्याहत्तर बिघडलाय?" आकडा गेला. त्या जागी केसपेपरला डकवता येईल अशी चिठ्ठी आली, मराठीत, ठळक अक्षरांत : कुठे जायचं, किती दिवसांत, सोबत काय न्यायचं. आणखी एक. सिस्टर आधीच रजिस्टरात आणि असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी एनसीडी पोर्टलवर तीच नावं भरत होत्या. आमचं ॲप म्हणजे तिसऱ्यांदा तेच. नाव-वय भरायचे रकाने आम्ही काढले, फक्त केसपेपरचा नंबर ठेवला. माझ्या मते सॉफ्टवेअर त्या कक्षात टिकलं ते यामुळे.

हे सगळं ज्या परवानगीनं चाललं होतं तिची कथा वेगळी. जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्र मिळालं ते त्यामानानं लवकर. माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीला मात्र सात महिने लागले. संस्थेचं नाव घेत नाही. बैठक तीनदा पुढे ढकलली गेली, एकदा कोरम नव्हता, एकदा आमची फाइलच सापडत नव्हती. चिडचिड झाली. पण बैठक झाली तेव्हा सगळ्यात चांगला प्रश्न तिथूनच आला. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कमिटीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. आमच्या कमिटीत त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. डॉक्टर मंडळी नमुनासंख्या विचारत होती. बाईंनी संमतीपत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यंत्रानं चांगला म्हटलं आणि डोळा गेला, तर या माणसानं कुणाचं दार वाजवायचं? तुमच्या कागदावर फक्त कॉलेजचा ईमेल आहे."

आम्ही अभ्यासाची रचनाच बदलली. पहिल्या टप्प्यात सॉफ्टवेअरनं मूकपणे निकाल नोंदवायचा, कुणालाही दाखवायचा नाही. पेशंटला सल्ला डॉक्टरच देणार. दोन्हींची तुलना झाल्यावर दुसरा टप्पा. संमतीपत्रावर माणसाचं नाव आणि फोन नंबर आला. मग सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८पासून ती पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, मागाहून चालत नाही. आमचा विद्यार्थी 'तोवर सुरू करूया ना' म्हणत होता. केलं असतं तर सगळा डेटा वाया गेला असता.

आता परवाना. मला प्रामाणिकपणे वाटत होतं की सॉफ्टवेअरला कसला परवाना? ११ फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेनं सॉफ्टवेअरसकट सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. वर्ग चार, 'ए'पासून 'डी'पर्यंत, धोका वाढत जातो तसे. 'ए'मधली काही साधी उपकरणं सोडली तर 'ए' आणि 'बी'ला परवाना सक्तीचा झाला १ ऑक्टोबर २०२२पासून, 'सी' आणि 'डी'ला त्यानंतर वर्षानं. पहिल्या दोघांचा उत्पादन परवाना राज्याच्या एफडीएकडे, पुढच्या दोघांचा दिल्लीत सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे.

आपण कुठल्या वर्गात बसतो हे बरंचसं एका वाक्यावर ठरतं. उपकरण नेमकं कशासाठी, कुणी, कुणावर वापरायचं, ते वाक्य. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं : 'मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाच्या विकाराचं स्वयंचलित निदान'. सल्लागार बाईंनी 'निदान' शब्दाखाली दोन रेघा मारल्या. "तुम्ही निदान करता का?" नाही. "मग कुणाला पुढे पाठवायचं एवढंच सुचवता ना?" हो. "अठरा वर्षांखालच्यांवर तपासलंय? गरोदर बायांवर?" नाही. "मग लिहा तसं." त्या वाक्याचे आम्ही अकरा मसुदे केले. माझ्या अख्ख्या प्रबंधातलं कुठलंही वाक्य मी इतक्यांदा लिहिलेलं नाही.

ज्यांना याच वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी : चाचणीपुरतं उपकरण बनवायलाही परवाना लागतो, एमडी-१२ हा अर्ज आणि एमडी-१३ हा परवाना. तुमच्यासारखं उपकरण आधी मंजूर झालंय का, हे आधी शोधा. पुढच्या परवानग्या बऱ्याच अंशी त्यावर ठरतात.

अर्ज करायला उत्पादक लागतो, आणि उत्पादकाकडे गुणवत्तेची लेखी व्यवस्था. आमच्या कॉलेजला दोन्ही जमणारं नव्हतं. म्हणून छोटी कंपनी काढली आणि कॉलेजकडून हक्क घ्यायला बसलो. इथे दहा महिने गेले. माझ्या पगाराच्या वेळेत झालेलं काम कुणाचं, विद्यार्थ्यांचा वाटा किती, रॉयल्टी किती टक्के. सॉफ्टवेअरला नुसतं सॉफ्टवेअर म्हणून आपल्याकडे पेटंट मिळत नाही, कलम ३(के), हे समजावण्यात दोन बैठका गेल्या. जे अजून विकलंच नाही त्याच्या नफ्यावर भांडताना माणसं किती गंभीर होतात!

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. सॉफ्टवेअर कसं बनवलं, कधी बदललं, कुणी बदललं, याचा माग दाखवावा लागतो. आमच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फाइली होत्या आणि पेपरमधले आकडे नेमके कुठल्या फाइलीचे हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. पुन्हा सगळं मोजलं. आकडे पेपरपेक्षा थोडे उतरले. तेच अर्जात दिले. शिवाय अभ्यास सुरू झाल्यावर मॉडेलला हात लावायचा नाही. विद्यार्थ्यांना ही शिक्षा वाटते, रोज रात्री काहीतरी सुधारल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

अर्ज गेलाय, शंकापत्र आलं, उत्तर दिलं, ऑडिटची वाट पाहतोय. विकायला परवानगी नाही. अभ्यासाचा दुसरा टप्पा चालू आहे.

गेल्या सोमवारी सिस्टरांचा फोन. "मॅडम, सकाळपासून सगळ्यांनाच 'पुन्हा काढा' म्हणतंय. बिघडलं काय?" मी विद्यार्थ्याला लॉग तपासायला बसवलं, मॉडेलची आवृत्ती पाहिली, सर्व्हर पाहिला. तासाभरानं त्यांचाच परत फोन आला. कुणा पेशंटबाईच्या काजळाचं बोट लेन्सला लागलं होतं. मामांनी पुसलं.