एका फेऱ्यात दोन हादरे

स्टिअरिंग अगदी शांत होतं आणि सीट थरथरत होती. पुढच्या चाकाचा दोष बहुधा हातात येतो, मागच्या शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, बुडाखाली. नियम पक्का नाही, पण सुरुवात करायला पुरतो.

गाडी म्हणजे जुना फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक. पुढे-मागे स्प्रिंगचे पाटे, गिअरबॉक्सपासून वेगळा टांगलेला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि त्या दोघांमध्ये हातभर लांबीचा आखूड शाफ्ट. गाडी कधीतरी उंच केलेली. मालकाने बिलांची चळतच पुढे केली: चारही टायरचं बॅलन्सिंग, मागच्या प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस (टोकांचे अधिकच्या चिन्हासारखे सांधे) नवे, शाफ्टचंही बॅलन्सिंग, तेही दोनदा, आणि शेवटी कुणीतरी क्लच प्लेटसुद्धा बदललेली. "साठला सुरू होतं, सत्तरला आरशात मागची गाडी धड दिसत नाही, पंच्याऐंशीला पुन्हा कमी होतं. आता काय राहिलं बदलायचं?"

मी म्हटलं, बदलायचं नंतर बघू, आधी मोजू.

रस्त्यावर सत्तरला नेऊन क्लच दाबला, गिअर काढला. इंजिन आयडलवर आलं तरी थरथर उरलीच, फक्त थोडी मऊ झाली. म्हणजे इंजिन, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट हे सगळे सुटले. एक्सलरेटर दाबला की जोर वाढायचा, पाय काढला की ओसरायचा. ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली, पुढे उपयोगी पडली.

मग हिशेब. टायर जमिनीवर एका फेऱ्यात साधारण 2.35 मीटर जात होता. ताशी 70 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 19.4 मीटर, म्हणजे चाकाचे सव्वाआठ फेरे. डिफरन्शियलचं प्रमाण 4.1, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.1, तेव्हा शाफ्ट सेकंदाला 34 फेरे घेतो. आता थरथर सेकंदाला आठच्या आसपास असेल तर चाक बघायचं, 34 असेल तर शाफ्टचं बॅलन्स किंवा वाकडेपणा, आणि 68 असेल तर क्रॉसचा कोन. फोनमध्ये कंप मोजायचं अ‍ॅप असतं. फोन सीटखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीने बसवला आणि पोऱ्याला गाडी सत्तरला धरून ठेवायला सांगितलं. शिखर 68 वर. 34 वर जवळजवळ काहीच नाही.

म्हणजे शाफ्टचं बॅलन्सिंग दोन्ही वेळा नीट झालं होतं. ज्याने केलं त्याचा काही दोष नव्हता; फक्त तो आजार तिथे नव्हता.

68 का, तर क्रॉसचा स्वभावच तसा आहे. कोनात फिरणारा जॉइंट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर जाणारी नसते. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच हे ओळखलं होतं. सहा अंशांच्या कोनाला गतीतला चढउतार जेमतेम अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली असतो, ऐकायला नगण्य. पण शाफ्ट सेकंदाला 34 फेरे घेत असताना तो चढउतार अख्खा ट्रान्सफर केस आणि मागच्या डिफरन्शियलचं हाऊसिंग हलवतो, आणि केबिनच्या पत्र्याची स्वतःची लय तिथेच जुळली तर सत्तरला कळस येतो. यावर उपाय म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात: एकाने बिघडवलेली गती दुसरा सुधारतो. अट इतकीच की दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एका रेषेत हवेत. स्प्लाइनवर, म्हणजे सरकत्या दातेरी जोडावर, शाफ्ट एक दात सरकून बसला तर दुसरी अट मोडते. ते आधी बघितलं. बाणाच्या खुणा समोरासमोर होत्या.

पण कुठला शाफ्ट? या गाडीत आखूड शाफ्ट आणि मागचा शाफ्ट हाय रेंजमध्ये (रस्त्यावरच्या नेहमीच्या गिअरमध्ये) एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे आकड्यावरून दोघांना वेगळं करता येत नाही. पुढचा आधी तपासला: टू-व्हीलमध्येच पुढचे हब लॉक करून, म्हणजे चाकं त्या शाफ्टला जोडून, तो नुसता फिरवत पळवला, फरक शून्य. मग मागचा शाफ्ट पूर्ण काढला, फोर-व्हील टाकला आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालवली. हे करताना एक जपावं लागतं. या गाडीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीवर) आहे. शाफ्ट काढला की तो मागची चाकं धरतच नाही. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय खाली जायचं नाही, हे पोऱ्याला मी रोज सांगतो आणि तो रोज मान डोलावतो.

थरथर निम्मी झाली. पूर्ण गेली नाही.

इथे कुणीही वैतागेल, मला मात्र मजा आली. दोष दोन होते आणि दोघांचा आकडा एकच. एकेक भाग बदलणाऱ्याला अशा गाडीत कधीच फरक जाणवत नाही, कारण एक बरा झाला तरी दुसरा बोलतच राहतो.

शाफ्ट परत बसवून, गाडी स्वतःच्या चाकांवर सपाट उभी करून कोन घेतले. जॅकवर लटकत्या अ‍ॅक्सलचे कोन घेण्यात अर्थ नाही. ट्रान्सफर केसची मागची फ्लँज मागे 4 अंश उतरती, शाफ्ट 10 अंश उतरता, आणि पिनियनचं (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो त्या टोकाचं) नाक 8 अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसला 6 अंश आणि मागच्याला फक्त 2. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये हात घातला तर पाच अंशांची पाचर सापडली. गाडी उंच केल्यावर कुणीतरी मागच्या क्रॉसवर ताण येऊ नये म्हणून पिनियनचा रोख थेट ट्रान्सफर केसकडे केला होता. दिसायला झकास. पण हे गणित वरच्या टोकाला जोड-क्रॉस असलेल्या डबल कार्डन शाफ्टचं आहे. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला पिनियन आणि ट्रान्सफर केस समांतर लागतात. त्यात गाडी ओढू लागली की पाटे पिळतात आणि नाक आणखी वर जातं. मग मागचा कोन जवळजवळ शून्य. म्हणूनच एक्सलरेटरवर जोर वाढत होता. आणि शून्य कोनात क्रॉसच्या सुया (बेअरिंगमधल्या बारीक सळया) फिरत नाहीत, एकाच जागी ठोकत बसतात. मालकाने जुने क्रॉस डिकीत ठेवले होते. मागच्यावर सुयांच्या सरळ चऱ्या पडलेल्या होत्या.

आखूड शाफ्टने जास्त वेळ खाल्ला. बाजूने मोजलं तर गिअरबॉक्स 3 अंश, ट्रान्सफर केस 4. इतका फरक चालतो. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण कोनमापक बाजूचाच कोन दाखवतो. वरून पाहिल्यावर काय दिसतं ते कोण बघणार? ओळंबा घेतला, गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या दोन्ही कडांवरून आणि ट्रान्सफर केसच्या दोन्ही कडांवरून जमिनीवर खडूच्या खुणा पाडल्या आणि रेषा जोडल्या. रेषा समांतर नव्हत्या. ट्रान्सफर केस चांगला चार अंश आडवा वळलेला होता. उजव्या माउंटिंगचं रबर चेपलं होतं आणि चॅसिसमधलं बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं. ट्रान्सफर केस हळूहळू त्यात मागे सरकला होता.

दुरुस्तीचा क्रम मी बदलू दिला नाही. मालकाला पाचर काढायची घाई होती, पण मागचे कोन ट्रान्सफर केसवरून मोजायचे असतात, आणि तोच जागेवर नसेल तर मोजून काय करणार? आधी भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडलं, तिन्ही रबरं नवी टाकली, ओळंब्याच्या रेषा जुळवल्या. नंतर पाचर काढली. नाक 3 अंशांवर आलं, समांतरपेक्षा एक अंश खाली. तो एक अंश मुद्दाम तसाच ठेवला. ओढताना पाटे पिळले की भरून निघतो.

सत्तरला 68 चं शिखर रस्त्याच्या गोंगाटात विरून गेलं. पंच्याऐंशीला मात्र एक संथ डोलणं जाणवलं, सेकंदाला दहाच्या आसपास, म्हणजे चाकच. मागच्या एका टायरला फुगवटा आहे. इतके दिवस मोठ्या आवाजाखाली तो लपला होता. मालक म्हणाला, टायर महिनाभरात बदलणारच आहे.

पाटे मोकळे केल्यावर ते बांधणारे यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, म्हणून त्याला परत बोलावलं होतं. नट पाव फेरा आले. तेवढ्यात त्याने विचारलं, गाडी अजून दोन इंच उंच केली तर? म्हटलं, मग डबल कार्डन शाफ्ट घ्या, आणि तुमची पाचर फेकलेली नाही, ती तेव्हा लागेल.