मोहाच्या दिवसांत आम्ही खोल्या का देत नाही

होळी झाली की दर वर्षी फोन सुरू होतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: उन्हाळा म्हणजे ताडोब्याचा खरा सीझन, पाणवठ्यावर वाघ दिसण्याचे हेच दिवस, मग नेमके तेव्हाच तुमच्या गावातले होमस्टे बंद का? विचारणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे पर्यटक असतात, नागपूरचे एजंट असतात, पर्यटनाच्या बैठका घेणारे अधिकारी असतात आणि आता शेजारच्या गावांतले लोकही असतात. आजवर मी "गावात काम असतं" एवढेच सांगत आले. ते खरे आहे, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही, आणि मग मागून जे बोलले जाते ते माझ्या कानावर येते: बचत गटाच्या बायकांच्या हाती धंदा गेला की असेच होणार, यांना पैशाची किंमत नाही, यांच्या डोक्यात कोणीतरी भरवले आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमचे गाव चिमूर तालुक्यात, बफरमध्ये, म्हणजे ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात आहे. पर्यटनाने आम्हाला काही दिले नाही असे मी कधीच म्हणणार नाही. गावातली पोरे गाइड झाली, दोघा-तिघांनी जिप्सी घेतल्या, ज्या मुलींची लग्ने लवकर उरकली गेली असती त्या खाकी शर्ट घालून गेटवर उभ्या राहू लागल्या. जन-वन विकास योजनेतून गॅस आला आणि सरपणासाठी जंगलात जाणे बरेच कमी झाले. नोंदणी फोनवर होऊ लागल्यापासून एजंटचा वाटा वाचला. पाहुण्याचे पैसे थेट जिच्या घरी तो राहिला तिच्या खात्यात येतात आणि ठरलेला हिस्सा गावच्या समितीकडे जातो. हे सगळे उभे करण्यात माझे हात लागलेले आहेत. त्यामुळे मी पर्यटनाच्या विरोधात आहे असे कोणी म्हणाले की मला फार लागते.

पण मोह, म्हणजे मोहाच्या झाडाची फुले वेचणे, पर्यटनाच्या आधीपासूनचे आहे. मार्चच्या मध्यापासून एप्रिलमध्ये बरेच दिवस मोह पडतो, रात्री आणि पहाटे पडतो, आणि ऊन चढण्याआधी वेचला नाही तर चितळे, वानरे आणि अस्वले तो संपवतात. आमच्याकडे कोणते झाड कोणाच्या घराचे हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते, तरी दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली ठेवत नाही. वाळलेला मोह विकून पेरणीचे बियाणे येते, थोडा घरात राहतो, बियांचे तेल निघते. ज्या घराला शेती नाही आणि ज्या घरात खोली बांधायला जागा नाही, त्या घरासाठी वर्षातले नगदी पैशाचे दिवस दोनच, एक मोहाचे आणि दुसरे तेंदूपत्त्याचे. होमस्टेचा पैसा त्या घरापर्यंत पोचतो तो भांडी घासण्याच्या मजुरीतून. हा फरक बाहेरून येणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याला दाखवली जाते ती रंगवलेली भिंत आणि सारवलेले अंगण.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः बैठकांमध्ये उठून सांगत असे की पर्यटन वाढले की बायकांना मोहाला जावे लागणार नाही. मला ते मनापासून पटलेले होते. पहाटेच्या अंधारात, वाघाच्या जंगलात वाकून फुले वेचण्यापेक्षा सावलीत बसून पाहुण्यांचा स्वयंपाक करणे केव्हाही बरे, यात न पटण्यासारखे काय आहे? आजही त्या विचारातला अर्धा भाग मला खरा वाटतो. उरलेल्या अर्ध्यावर माझे माझ्याशीच भांडण चालू आहे आणि त्याचे कारण आमच्या शेजारच्या काकू.

काकू आमच्या खोल्यांवरच्या पाहुण्यांचा स्वयंपाक करायच्या. त्यांच्या हातचा पाटोडीचा रस्सा खाऊन लोक पुढच्या वर्षीचे दिवस आधीच सांगून जात. त्यांना महिन्याचे पैसे मिळत होते, तरी मोह पडू लागला की त्या पहाटे सुनेला घेऊन जायच्या आणि पाहुण्यांच्या नाश्त्याच्या वेळेला परत यायच्या. मी त्यांना म्हणाले होते की काकू, आता तुम्हाला गरज नाही, राहू द्या मोह. त्या म्हणाल्या, "मोह काय तुह्या पाव्हण्याईले इचारून पडते, पोरी? आज नाही गेली त माह्या झाडाखाली उद्या दुसरी उभी राहीन." त्यांना पैशापेक्षा झाडावरचा हक्क जाण्याची धास्ती होती. ती मला तेव्हा समजली, पण पटली नाही.

त्या सकाळी माझ्याकडे पाहुणे होते, मुलाबाळांसह आलेले चांगले लोक. त्यांची गाडी पहाटे गेटकडे गेली होती. काकू नाश्त्याला आल्या नाहीत. पाहुणे परत आल्यावर मीच चहा टाकला, आणि तेवढ्यात सून धावत गावात आली. ती ओरडत नव्हती. तिच्या तोंडून शब्दच निघत नव्हता, पण तिच्या लुगड्याकडे पाहून गावाला कळले. दोघी एकमेकींपासून चाळीस-पन्नास पावलांवर वेचत होत्या. काकू खाली बसून पाचोळ्यातली फुले गोळा करत होत्या. बसलेला किंवा वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, हे आम्हाला वनखात्याच्या प्रत्येक सभेत सांगितले जाते आणि आम्हाला ते माहीतही असते. पण मोह उभ्याने वेचता येत नाही.

गावातले पुरुष काठ्या आणि टिन घेऊन गेले, फॉरेस्टवाले आले, पंचनामा सुरू झाला. मी पाहुण्यांना झाले ते सांगितले. त्यांना वाईट वाटले, त्यांच्यातल्या आजीने माझा हात धरला. मग त्यांच्यातल्याच एकाने विचारले, "तो वाघ अजून त्याच भागात असेल का? दुपारच्या सफारीत तिकडून नेता येईल का?" त्याला मी दोष देत नाही. तो जे पाहण्यासाठी पैसे भरून आला होता तेच त्याने विचारले. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या चुलीवरची काकूंची कढई होती, आणि हा प्रश्न माझ्याच अंगणात, मीच मांडलेल्या खुर्चीवरून आला होता.

दुपारपर्यंत त्याहून वाईट झाले. कोणीतरी जागेचे लोकेशन मोबाइलवरच्या गटात टाकले. बफरमधून जाणारा रस्ता सार्वजनिक आहे. त्यावर आधी दोन, मग पाच-सहा गाड्या येऊन थांबल्या. काकूंना बाजेवर ठेवून आणत असताना त्या गाड्यांमधून मोबाइल वर झाले. गावातल्या बायकांनी बाजेच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पदर आडवे धरले आणि तसेच चालत त्यांना रस्ता पार करून आणले. रस्त्यावर एक गाइड होता, आमच्याच पंचक्रोशीतला. तो खाली मान घालून गाडीच्या मागे उभा राहिला. संध्याकाळी सुनेने काकूंची टोपली आणायला माणूस पाठवला. टोपली अर्धी भरलेली होती. तिने तो मोह अंगणात वाळत घातला. कोणीतरी म्हणाले, टाकून दे. ती म्हणाली, "त्यायनं येचलेला हाये."

त्या वर्षी आम्ही उरलेल्या सगळ्या नोंदण्या परत केल्या. पुढच्या वर्षी मोह पडण्याआधी ग्रामसभेत विषय आला आणि ठरले की मोहाच्या दिवसांत गावात पाहुणे ठेवायचे नाहीत, गावातल्या स्वयंपाकाच्या आणि गाडीच्या माणसांनी पहाटे गावासाठी मोकळे राहायचे, आणि बायकांनी एकेकटीने न जाता टोळीने जायचे, सोबत पहारा द्यायला पुरुष. आमची पोरे सफारीच्या गाडीवर असली तर पहारा कोण देणार, एवढाच साधा हिशेब त्यामागे होता.

यावर मला सांगितले जाते की याला आता तंत्रज्ञान आहे. आहे, आणि मी त्याची विरोधक नाही. सीतारामपेठसारख्या बफरमधल्या गावाच्या कडेला कॅमेरे लागले. वाघ दिसला की ती यंत्रणा त्याला ओळखून इशारा देते. गोठ्यातल्या ढोरांसाठी, संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरांसाठी असा कॅमेरा मला आमच्याही गावात हवा आहे. पण तो गावाच्या वेशीवर लागतो आणि मोहाचे झाड असते जंगलात, जिथे मोबाइलला रेंजही नसते. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीजवळ तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या जंगलात होत्या, वेशीवर नव्हत्या. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम राज्याने २५ लाखांपर्यंत नेली, तीही मला नको म्हणता येणार नाही. पण त्या रकमेची माहिती सांगणारे जितके लोक मला भेटले, तितके पहाटेच्या पहाऱ्याला बॅटऱ्या देणारे भेटले नाहीत.

आमच्या उपयोगी पडली ती साधी जाळी. झाडाखाली बांबू रोवून जमिनीपासून हातभर उंच जाळी ताणली की फूल तिच्यावर पडते. बाईला तासन्‌तास खाली बसावे लागत नाही, उजाडल्यावर गेले तरी चालते, फुलाला माती लागत नाही म्हणून व्यापारी भाव पाडून मागू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे झाडाखालचा पाचोळा जाळावा लागत नाही. मोहाखाली लावलेली आग पसरून जंगल पेटते हा आमच्यावरचा आरोप खोटा नाही. वेचायला जमीन साफ हवी म्हणून लोक पाचोळा पेटवतात आणि वारा आला की आग हाताबाहेर जाते. समितीच्या हिश्शातून, म्हणजे तुम्हीच दिलेल्या खोलीभाड्यातून, आम्ही जाळ्या घेतल्या. गावातल्या पोरांनी भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाइल क्रमांक नोंदवले आहेत. उपग्रहाला आग दिसली की संदेश येतो आणि फॉरेस्टगार्डच्या आधी कधीकधी आमची पोरे तिथे पोचतात. जाळ्या सगळ्या झाडांना पुरत नाहीत. चितळांच्या शिंगांत अडकून फाटतात, आणि मोठ्या झाडाचा निम्मा मोह जाळीबाहेरच पडतो. तरीही तंत्रज्ञान म्हणून कोणी मला काय हवे असे विचारले तर मी आधी आणखी जाळ्याच मागेन.

पेंच व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण मला नेहमी दिले जाते. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले, जेणेकरून आकाश काळे राहावे आणि लोकांनी तारे पाहायला यावे. ही कल्पना मला आवडली, कारण तिच्यात नवे काही बांधावे लागत नाही आणि रानातल्या जनावरांचा अंधारही राहतो. मी ती गावात मांडली तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले की रस्त्यावर उजेड कमी झाला आणि बिबट आला तर? खाली तोंडाचा दिवा वाट नीटच उजळतो, असे मी सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि ज्याच्या गोठ्यातून दोनदा कालवड गेली त्याचे समाधान माझ्या सांगण्याने व्हावे असा माझा आग्रहही नाही.

आता जे मी फोनवर कधी सांगत नाही तेही सांगते. बंदमुळे गावाचे नुकसान होते आणि ते सगळ्यांचे सारखे होत नाही. ज्याने कर्ज काढून जिप्सी घेतली त्याचा हप्ता मोहाच्या दिवसांत थांबत नाही. त्याचे घर आमच्यावर नाराज आहे आणि त्याची नाराजी मला चुकीची वाटत नाही. आम्ही बंद ठेवतो म्हणून पर्यटक येणे थांबत नाही, ते गेटजवळच्या रिसॉर्टमध्ये उतरतात, आणि जो पैसा गावात राहिला असता तो बाहेर जातो. आम्ही बंद ठेवतो म्हणून वाघही दूर राहत नाही. माझा मुलगा, जो नोंदणीचे काम पाहतो, मला दर वर्षी विचारतो की आई, हे दुखवटा म्हणून आहे की नियम म्हणून? मला वाटते नियम म्हणून. पण काकू गेल्या नसत्या तर हा नियम झाला असता का, याचे उत्तर मी त्याला देऊ शकलेले नाही.

गाड्यांच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडवली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली, आणि सगळीकडे चर्चा झाली ती वाघिणीच्या त्रासाची. ती व्हायलाच हवी होती. पण काकू गेल्या त्या दिवशी आमच्या रस्त्यावर ज्या गाड्या थांबल्या होत्या, त्यांची तक्रार कुठे करायची हे मला कोणी सांगू शकले नाही. आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्यांना आम्ही लोकेशन टाकू देत नाही आणि टाकणाऱ्याला पुन्हा खोली देत नाही. एवढे आमच्या हातात आहे.

यंदा ग्रामसभेसमोर नवा प्रस्ताव आहे आणि तो काकूंच्या सुनेचा आहे. तिचे म्हणणे असे की मोहाच्या दिवसांत खोल्या उघडाव्यात, पण पाहुणे मोजकेच घ्यावेत, त्यांना उजाडल्यावर टोळीबरोबर गावाजवळच्या जाळीच्या झाडांपर्यंत न्यावे, त्यांनी बायकांसोबत मोह वेचावा आणि त्याचे पैसे त्या झाडाच्या घराला मिळावेत, खोलीवाल्यांना नाही. मी तिला म्हणाले की आपल्या कष्टाचा देखावा होईल, आणि एखादा पाहुणा जखमी झाला तर गाव बुडेल. ती म्हणाली, "ताई, लोकं वाघ पाहाले पैसे देतेत. मोह येचाले देतीन त काय बिघडलं? ज्या घरी खोली नाही, त्या घरी बी पैसा जाईन." खोली नसलेल्या घरांचा मुद्दा मीच इतकी वर्षे मांडत आले आहे, त्यामुळे तो खोडता येत नाही. भीतीचा मुद्दा तिला मी सांगायचा, हेही मला शोभत नाही. ग्रामसभेत मी विरोधात बोलणार आहे, असे आज तरी वाटते. सभा होईपर्यंत खोल्या बंदच आहेत. फोन केलात तर नोंदणी मिळणार नाही.