सकाळचे अकरा

नोकरी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातले सकाळचे अकरा ठाऊक नसतात. रविवारचे ठाऊक असतात, पण ते धरू नयेत. रविवारी सगळे घरात असतात, बट्टीचं पीठ मळून ठेवलेलं असतं, वरण शिजत असतं, कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवलेलं असतं. मी म्हणतो ते मंगळवारचे अकरा, गुरुवारचे अकरा. पोरं शाळेत, कर्ती माणसं कामावर, आणि सकाळचा धबडगा उरकून घर एकदाचं खाली बसलेलं.

माझं यात जरा उलटंच होतं. मी टेलिफोन खात्यात. कागदावर टेलिकॉम मेकॅनिक, गावाच्या तोंडी लाइनमन. १९८ या नंबरावर लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी सकाळी एक्स्चेंजमध्ये हातात पडायच्या, पहिला पिलर, म्हणजे रस्त्याकडेची तारांची पेटी, उघडून बघेपर्यंत साडेदहा, आणि अकराच्या सुमारास मी कुणाच्या तरी पुढच्या खोलीत रिसीव्हर कानाला लावून बसलेला. त्यामुळे खानदेशातल्या आमच्या अमळनेर गावच्या जवळजवळ सगळ्या गल्ल्यांमधले अकरा मला पाठ होते. कोणत्या घरी त्या वेळी म्हातारी सासू तूर निवडते, कोणत्या घरी रेडिओ नुसताच चालू असतो, कुठे भाकरी थापल्याचा आवाज अजून थांबलेला नसतो. फक्त माझ्या घरी त्या वेळी काय चालतं, याचा मला पत्ता नव्हता.

त्या घरांमधलं एक दृश्य तर ठरलेलं. आतल्या खोलीच्या दारात, भिंतीला पाठ टेकवून, पाय लांब पसरून घरातली बाई बसलेली. शेजारी बशी, बशीत चहा. दिवसातला तिचा तिच्यासाठी केलेला पहिला चहा. सकाळी सहाचा चहा ती घरासाठी उभ्याउभ्या पिते, तो हिशेबात नाही. मी "फोनवाला आलोय, ताई" म्हणत ओटा चढलो की ती गडबडीनं पाय आखडायची, पदर सावरायची, बशी आत सरकवायची. फोन दुरुस्त व्हायचा, पण तिची पाव तासाची बैठक मोडायची ती मोडायचीच. मी बाहेर बराच वेळ डीपीच्या, म्हणजे घरोघरच्या फोनच्या तारा जिथून फुटतात त्या खांबाशी उगाच तारा चाचपत उभा राहायचो, तेवढ्यात चहा संपला तर बरं म्हणून. साहेबांना वाटायचं, माणूस फॉल्ट शोधायला फार वेळ लावतो.

२०१९ च्या नोव्हेंबरात बीएसएनएलची स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पन्नाशी पार केलेल्यांना अर्ज करता येत होता. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार, राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा, असा हिशेब. देशभरातून ७८ हजारांहून जास्त लोकांनी अर्ज भरले आणि ३१ जानेवारी २०२० ला आम्ही सगळे एकाच दिवशी घरी गेलो. मी बावन्न वर्षांचा. खांबावर चढायचं वय सरत आलं होतं, आणि चढून जोडावेत एवढे फोनही उरले नव्हते. एके काळी ज्या घरात फोन लागला म्हणून मला पेढा मिळाला होता, त्याच घरातून फोन काढून नेण्याचा अर्ज माझ्याच हातात यायला लागला. पैशांचं गणित घरात बसून तीनदा मांडलं, ते बसलं, एवढं पुरे.

गावाचं मात्र वेगळं. आमच्या अमळनेरात पन्नाशीच्या आसपास कुणी नोकरी सोडली की लोक आधी मनात एकच विचार करतात : याच्याकडे विप्रोचे शेअर असणार. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, पुढची विप्रो ती हीच. तेव्हा गावातल्या ज्यांनी थोडे शेअर घेतले आणि विकायचे विसरले, त्यांची नातवंडं आज सुखात आहेत. माझ्या आजोबांनी त्या कारखान्याचं तूप घेतलं, शेअर घेतले नाहीत. हे मी किती जणांना सांगितलं, पण समोरचा असं हसतो की मलाच क्षणभर वाटतं, माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा उघडून बघावी.

नोकरी सोडणाऱ्यांची परंपरा तशी या गावात थोर आहे. साने गुरुजी इथे आले ते तत्त्वज्ञान मंदिर या संस्थेत शिकायला, मग १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि सहा वर्षांनी ती नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. माझ्याकडे तसं काही कारण नव्हतं. मी ओट्यावर गेलो.

ओट्यावर जाण्याआधी दोन महिने बरे गेले आणि मग टाळेबंदी लागली. सगळा देशच घरी बसला, तेव्हा माझं बसणं कुणाच्या नजरेत भरलं नाही. पण घरात बायको, पोरगा, सून, लॅपटॉप असं सगळं एकाच वेळी अकराला हजर. तेही म्हणजे रविवारचेच अकरा, फक्त रोज. खरे अकरा मला भेटले ते पुढे, पोरगा-सून पुण्याला परत गेल्यावर आणि गल्ली कामाला लागल्यावर.

त्या दिवशी मी पेपर संपवून पाणी प्यायला आत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात आमची सौ. भिंतीला पाठ टेकवून, पाय लांब करून बसलेली. शेजारी बशी. मला बघून तिनं पाय आखडले.

तीस वर्षं गावभर बघितलेलं दृश्य, आणि या खेपेला आगंतुक फोनवाला मी माझ्याच घरात. मी पाणी न पिताच परत फिरलो. तिनं विचारलंही, "काय पाहिजे होतं?" काही नाही म्हटलं. ती खूश झाली की वैतागली ते कळलं नाही. दोन-चार दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, ती रागात असली की अहिराणीवर येते, "तठे वट्टावर बठा बरं जराखा. दिनभर घरमा काय करतस?" ते ऐकून मला हलकं वाटलं. म्हणजे अकराची ही बैठक मी नसताना इतकी वर्षं रोज होत होती, आणि ती तिला हवी होती. तिच्या त्या पाऊण तासात मला जागा नाही हे पक्कं झाल्यावर माझी जागा आपोआप ठरली. साडेदहा ते सव्वाअकरा, ओटा.

ओट्यावर काय चालतं? फारसं काही नाही, आणि तेच मला आवडतं. सकाळी भाजीची गाडी ओरडत येते ती अकराला गप्प परत जाते, उरलेली मेथी आणि गिलकी कमी भावात मिळतात, पण तुम्ही ओट्यावर असाल तरच. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण याच वेळी येते, कारण तिला माहीत असतं की आता घरात फक्त बाई आहे आणि साडी द्यायची की नाही हे ठरवायला नवरा मध्ये येणार नाही. माझ्याकडे ती पहिले काही महिने संशयानं बघायची. मंगळवार असला की बाहेरगावच्या गाड्या थांबून मंगळग्रह मंदिराचा रस्ता विचारतात. मी इतक्या वर्षांच्या सवयीनं "पुढच्या पिलरवरून डावीकडे" सांगतो आणि मग दुरुस्त करून "त्या हिरव्या पेटीवरून" म्हणतो. पेटी आता रिकामी आहे, आत एकाही फोनच्या तारांची जोडी चालू नसेल. पत्ता सांगायला अजून चालते.

येणाराजाणारा एक प्रश्न हमखास विचारतो. "काय नाना, आज सुट्टी शे का?"

"आज नही भो, रोजच शे."

हे उत्तर अजून मला स्वतःलाच गोड लागतं. विचारणाऱ्याला तेवढं लागत नसावं, तो सायकलीवर असतो आणि त्याला कामावर पोचायचं असतं.

ऋतूंप्रमाणे अकरा बदलतात हेही मला आत्ता कळलं. कामावर असताना ऊन म्हणजे ऊन, पाऊस म्हणजे केबलमध्ये पाणी, बस. आता कळतं की डिसेंबरातले अकरा खानदेशात सगळ्यात श्रीमंत. उन्हाची तिरीप ओट्यावर गुडघ्यापर्यंत आलेली असते, हातात हरभऱ्याचा डहाळा, घाटे सोलत बसायचं, सालं खाली शेळीला. मे महिन्यातले अकरा दुसऱ्या टोकाचे. पारा चव्वेचाळीसच्या घरात जायच्या तयारीत असतो, गल्लीतली दारं एकेक करून बंद होतात, कूलरमध्ये पाण्याच्या बादल्या पडतात, आणि ओट्याची फरशी बसू देत नाही. त्या दिवसांत माझी बैठक नऊलाच उरकते. बायकोच्या पाऊण तासाचं काय, तर मी आतल्या अंधाऱ्या खोलीत झोपल्याचं सोंग घेतो. तिला ते सोंग आहे हे माहीत आहे.

पण या सगळ्यांवर मात करणारे अकरा येतात होळीच्या पुढे, बिबड्यांच्या म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या दिवसांत. ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घातलेली असते, ती वाळवून, दळून, लसूण, मिरची, तीळ, जिरं टाकून पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजतो. गल्लीतल्या चार-पाच बायका मिळून आज हिचे, उद्या तिचे असं चालतं. धोतर नाहीतर जुनी साडी ओली करून गच्चीवर नाहीतर खाटेवर पसरायची, आणि गरम घाट्याचे गोळे घेऊन पाण्याच्या हातानं थापत जायचं. ऊन चढायच्या आत हे उरकावं लागतं, नाहीतर घाटाही तापलेला आणि डोकंही. लहानपणी आई घाट्याचा पहिला गोळा वाटीत देऊन वर कच्चं तेल ओतायची. तो घाटा मला नोकरीतही मिळाला, पहाटेचाच असल्यामुळे. नोकरीनं माझ्याकडून काढून घेतला तो अकराचा बिबडा.

थापल्यापासून तीन-चार तासांनी बिबडा अशा अवस्थेत येतो की त्याच्या कडा कडक होतात आणि मध्ये तो अजून ओला, चिवट असतो. कापडावरून नीट सुटत नाही, फाटतोच. फाटला म्हणून तो डब्यात जायच्या लायकीचा राहत नाही आणि म्हणून तो राखण करणाऱ्याचा. त्यावर दोन थेंब कच्चं तेल, सोबत मूठभर शेंगदाणे. एक वाजेपर्यंत ऊन त्याला पूर्ण वाळवून टाकतं. मग तो वर्षभर तळून नाहीतर भाजून खाता येतो, पण ती चव पुन्हा नाही. दुकानात सगळं मिळतं, बचत गटाचे बिबडे पाकिटात येतात आणि चांगले असतात. अर्धवट वाळलेला बिबडा पाकिटात घालता येत नाही. तो खायला कामाच्या दिवशी अकरा वाजता, गच्चीवर, हातात काठी घेऊन कावळे हाकत बसलेलं असावं लागतं. राखणीचं काम आमच्या गल्लीत आता माझ्याकडे कायमचं आलं आहे. कुणाच्याही गच्चीवर बिबडे असोत, "नानांना सांगा." मजुरी फाटलेल्या बिबड्यांत. आणि बिबडे फाटतात किती, यावर बायकांना शंका आहे.

एका गोष्टीचं श्रेय मात्र अकरालाच द्यायला हवं. २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरात भरलं, १९५२ नंतर पहिल्यांदा. पहिला दिवस शुक्रवार. नोकरीवाले सगळे शनिवार-रविवारची वाट बघत होते आणि शनिवार-रविवारी प्रताप महाविद्यालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी शुक्रवारीच गेलो. पुस्तकांच्या एका गाळ्यापुढे उभा राहून एका पुस्तकाची तीस-चाळीस पानं वाचली, विक्रेत्यानं एकदाही "घेणार का?" विचारलं नाही. शेवटी लाजेनं घेतलं. उरलेलं अजून वाचायचं आहे. उभ्यानं वाचताना ते जास्त चांगलं होतं.

गेल्या मे महिन्यात पलीकडच्या घरातले गुरुजी अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. मी त्यांच्या आधी घरी बसलो, म्हणून या विषयात ते मला ज्येष्ठ मानतात. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळी साडेदहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आमच्या ओट्यावर आले. बसले. घड्याळ बघितलं. शाळेची घंटा आमच्या गल्लीत ऐकू येते, ती झाली तसे उठले आणि परत बसले.

"नाना, खरं सांगा," ते म्हणाले, "तुम्ही दिवसभर करता काय?"

त्यांना काय सांगावं याचा मी विचार करत होतो. आधी हे सांगायचं होतं की अकराला स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊ नका, आणि घरी वहिनींना विचारून या की त्या वेळी त्या कुठे बसतात. पण नवीन माणसाला एकदम इतकं सांगू नये. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "पाणी मिळेल का? मी आत जाऊन घेतो."

"नका," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.

आतून बशी ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यामागून आमच्या सौ.चा.

"व्हयनं का! आते एकना दोन व्हयनात."