नाबाद ६, नाबाद ११

गेली बावीस वर्षं मी मुंबईच्या मैदानांवर स्कोअरिंग करतोय. लोकांना वाटतं, धावा मांडायच्या की झालं. खरा कस लागतो तो षटक संपल्यावरच्या अर्ध्या मिनिटात. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर ही एक बेरीज, गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय ही दुसरी. दोन्ही जुळल्याच पाहिजेत. एका धावेचा फरक असला तरी पुढचा चेंडू पडायच्या आत तो शोधायचा, पंच कोणासाठी थांबत नाहीत. माझ्या वहीत प्रत्येक गोलंदाजाचा रंग वेगळा. त्यामुळे फलंदाजाची नुसती ओळ बघून सांगता येतं, कोणाच्या कितव्या चेंडूवर काय झालं. आता मोबाइलवर ॲप आहे आणि त्याने काम सोपं केलं हे खरंच. पण ॲपमध्ये बोट चुकलं तर दोन्ही बेरजा एकाच चुकीतून तयार होतात आणि व्यवस्थित जुळतात, मग चूक सापडतच नाही. म्हणून ॲप चालू असलं तरी माझी वही उघडीच असते.

गेल्या मोसमात आमच्या क्लबच्या सचिवांचा फोन आला. स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती आणि अष्टपैलू दोन. "बोलिंग दोघांची उन्नीस-बीस आहे. बॅटिंगमध्ये सातत्य कोणाचं, तेवढं मला आकड्यात काढून द्या."

एक चौथ्या क्रमांकावर खेळणारा ऑफस्पिनर. दुसरा सातवर येणारा मध्यमगती गोलंदाज, विरारहून पहाटेच्या लोकलमध्ये किट सांभाळत येणारा. मी दोन रात्री बसलो. डाव, धावा, सरासरी, प्रमाण विचलन (प्रत्येक डावातल्या धावा सरासरीपासून किती विखुरल्या ते) आणि शेवटच्या रकान्यात ज्याला आम्ही सी.व्ही. म्हणतो तो गुणांक: प्रमाण विचलन भागिले सरासरी, गुणिले शंभर. तो जितका कमी, तितकं सातत्य जास्त. कॉलेजात शिकलो होतो, तेव्हापासून त्याच्यावर विश्वास होता. सातवाल्याचा गुणांक बराच जास्त निघाला.

बैठकीत तो शेवटचा रकानाच वाचला गेला. समितीत खेळ न कळणारं कोणी नव्हतं. त्यांनी दोन्ही पोरांना खेळताना पाहिलं होतं. पण दशांश चिन्हासकट आकडा समोर आला की माणसं स्वतः पाहिलेलं बाजूला ठेवतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. सातवाला बाहेर राहिला.

पुढच्या रविवारी तो माझ्या टेबलाशी आला. रागावलेला नव्हता.

"काका, एक विचारू? माझे नाबाद डाव कसे धरलेत?"

"धरलेत ना. धावा सगळ्या धरल्यात."

"धावा धरल्यात. पण काका, मी आऊट नव्हतो झालो."

त्या रात्री जुनी वही काढली. एका सामन्यात तो आला तेव्हा डावाचे सात चेंडू उरले होते. त्याला चार मिळाले, त्यात नाबाद ६. दुसऱ्यात नाबाद ११ असताना समोरचा शेवटचा गडी धावबाद झाला. गुणांक काढताना मी हे डाव ६ आणि ११ असे मांडले होते, जणू तो तिथेच बाद झाला. संघाला हवं ते त्याने केलं होतं आणि माझ्या कागदावर तेच त्याचं अपयश ठरलं होतं.

मग मनात आलं, मोठ्यांचंही असंच होत असेल का? लहानपणापासून ज्यांच्यावरून आम्ही भांडलो त्यांचेच कसोटीचे आकडे घेतले. पाकिस्तानच्या इम्रान खानची सरासरी ३७.६९, इंग्लंडच्या बोथमची ३३.५४, आपल्या कपिलची ३१.०५. या क्रमावर शाळेत आमची मारामारी व्हायची. पण सरासरीत धावांना फक्त बाद झालेल्या डावांनी भागतात, आणि इम्रान १२६ डावांत २५ वेळा नाबाद, कपिल १८४ डावांत १५ वेळा आणि बोथम १६१ डावांत फक्त ६ वेळा. नाबादचा विचार सोडून धावांना नुसत्या डावांनी भागलं तर बोथम ३२.३०, इम्रान ३०.२१, कपिल २८.५२. पहिला दुसरा झाला! आणि पन्नाशी किंवा त्यापुढे किती वेळा गेले ते पाहिलं, तर इम्रान २४ वेळा, कपिल ३५ वेळा, म्हणजे दोघेही साधारण सव्वापाच डावांत एकदा. सरासरीत साडेसहा धावांचं अंतर, पन्नाशीच्या हिशेबात जवळजवळ शून्य. मी तीनदा भागाकार केला.

१९८१ मध्ये लॉर्ड्‌सवर बोथम दोन्ही डावांत शून्यावर गेला आणि त्याने कर्णधारपद सोडलं. पुढच्याच हेडिंग्ली कसोटीत ५० आणि नाबाद १४९. ०, ०, ५०, १४९ एवढेच चार डाव माझ्या पद्धतीत घातले तर गुणांक येतो १२२. माझ्या तक्त्यात असा माणूस तळाला गेला असता. १९९० मध्ये लॉर्ड्‌सवर भारताला फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरणं, टाळायला २४ धावा हव्या होत्या आणि शेवटचा गडी हिरवाणी समोर उभा होता, तेव्हा कपिलने इंग्लंडच्या हेमिंग्जला सलग चार षटकार मारले. पुढच्या षटकात हिरवाणी बाद झाला आणि कपिल ७७ वर नाबाद राहिला. हा डाव ७७ म्हणून मांडणं मला आता जमत नाही. त्या दिवशी तो कुठे थांबला असता, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

सोमवारी सचिवांना फोन केला, सगळं समजावून सांगितलं. "यादी गेली हो," ते म्हणाले. मी तरीही लेखी कळवलं. माझ्या कागदावर माझी सही होती, तेव्हा दुरुस्तीवरही ती असायला हवी.

दुरुस्ती नेमकी काय, हे मात्र अजून सुटलेलं नाही. नाबाद डाव वगळले तर त्याने सांभाळलेलेच डाव जातात. सरासरीसारखे धरले तर चौथ्या क्रमांकावरच्या पोरावर अन्याय होतो, त्याला नाबाद राहायची संधीच कमी मिळते. शिवाय सातवाल्याचे बरेच डाव कांगा लीगचे, म्हणजे पावसाळ्यात उघड्या, ओल्या खेळपट्टीवरचे. तिथल्या पंचवीस धावा डिसेंबरच्या कोरड्या मैदानावर किती धरायच्या? कितीही विचार केला तरी एका आकड्यात हे मला मावताना दिसत नाही.

वहीत आता एक जादा रकाना आखलाय: फलंदाज आला तेव्हा किती गडी बाद, किती चेंडू शिल्लक. आणि रंगांमुळे जुन्या वह्यांमधूनही हे निघतं. रोज रात्री जेवण झालं की दोन-तीन सामने काढतो. त्या दोघांचा पहिला मोसम उतरवून झालाय. सगळं मांडल्यावर कदाचित चौथ्या क्रमांकाचा पोरगाच सरस निघेल, तसं निघालं तर तसंच सांगेन. परवा सातवाल्याने विचारलं, "काका, कुठपर्यंत आलात?" मी म्हटलं, "ऑगस्टपर्यंत."