मराठी कॅसेटचा हिशेब : नोंद 14

आधी कामाचं. फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या यंत्रावरचा एक जपानी गेम मी हौसेने मराठीत आणतोय. त्यातले 1,480 पैकी 1,112 संवाद झाले. दुकानदाराचं ‘आज रोख, उद्या उधार’ एका ओळीत बसलं त्या रात्री मी चहा दोनदा केला.

वेलांट्या कुठे बसवायच्या, हे बरेच जण विचारत होते. जुन्या फॅमिकॉम गेममध्ये जपानी अक्षर 8×8 ठिपक्यांच्या एका चौकोनात, म्हणजे टाइलमध्ये असतं, आणि ‘का’चा ‘गा’ करणाऱ्या त्या दोन बारीक रेघा वरच्या ओळीत वेगळी टाइल म्हणून येतात. म्हणजे प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक रिकामी ओळ आयतीच मिळते. मात्रा, अनुस्वार, रफार सगळे तिथे बसवले. उकाराला खाली जागाच नाही, म्हणून ‘कु’, ‘मु’, ‘तु’ अशा अख्ख्या टाइल्स काढाव्या लागल्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवायची, नाहीतर गेम ती भलत्याच अक्षराला चिकटवतो. पार्श्वभूमीसाठी एका वेळी 256 टाइल्स, त्यातल्या साठेक चौकटी आणि आकड्यांनी खाल्लेल्या. त्यामुळे ‘राष्ट्र’सारखं जोडाक्षर परवडत नाही, हा शब्द मी संपूर्ण गेममधून हद्दपार केलाय. सगळीकडे ‘राज्य’.

आता मुख्य विषय. मागच्या महिन्यात तिघांनी विचारलं, “कॅसेट कधी विकताय?” प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्याकडच्या टीव्ही गेममध्ये ही 60 पिनांचीच कॅसेट चालायची, आणि माळ्यावरचं ते यंत्र खाली काढून त्यात मराठी गेम घालायचा मोह मलाही आहेच. म्हणून हिशेब मांडला. 50 नग धरले. फ्लॅश बोर्ड (गेम साठवायची पाटी), प्लास्टिकचं कव्हर, स्टिकर, खोका, कुरिअर, कस्टम ड्युटी. एक कॅसेट 900 रुपयांच्या पुढे जाते, आणि यात माझे दोन वर्षांचे रविवार शून्य रुपयांनी धरलेत. जुनी अस्सल जपानी कॅसेट फोडून तिच्या पाटीवर नवी चिप डकवायची, असाही एक स्वस्त मार्ग आहे. तो मला कसायाचा धंदा वाटतो. नाही म्हणजे नाही.

पण खरा खर्च या यादीत नाहीच. मामेबहीण वकील आहे, तिला गाठलं. म्हटलं, नफा घेत नाही, फक्त खर्च काढतो. ती हसली. “दादा, परवानगी नसेल तर नफा काय नि तोटा काय?” आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा ‘साहित्यकृती’त मोडतो, आणि साहित्यकृतीच्या भाषांतराचा हक्क मूळ मालकाकडेच असतो. कलम 63 प्रमाणे शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल, तर विशेष कारणं नोंदवून कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. पहिली कॅसेट विकली की ती पळवाट मी स्वतःच्या हाताने बुजवली.

मग मला कलम 32 सापडलं. प्रकाशनानंतर सात वर्षांनी भाषांतराचा परवाना मागता येतो! मी उडालोच. तिने खाली आणलं. तो परवाना शब्दांच्या भाषांतरापुरता. गेममधली चित्रं, संगीत, शीर्षकाचा लोगो यांना तो लागू नाही. “पुस्तिका छापशील फार तर. कॅसेट नाही.”

‘कंपनी तर कधीच बुडाली’ हेही ऐकून झालं. कंपनी बुडते, हक्क बुडत नाहीत. टेक्नोस जपान 1996 मध्ये बंद पडली. तिचे हक्क हातोहात फिरून 2015 मध्ये आर्क सिस्टम वर्क्सकडे आले. डेटा ईस्टचं दिवाळं 2003 मध्ये वाजलं, आणि तिच्या बऱ्याच गेम जी-मोडने घेतल्या. माझ्या गेमचाही आजचा मालक मी शोधला (नाव इथे मुद्दाम लिहीत नाही). त्यांच्या फॉर्ममध्ये कंपनीचा नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. नसताना पाठवलेल्या ईमेलला दोन ओळींचं उत्तर आलं, बाहेरचे प्रस्ताव आम्ही बघत नाही. सभ्य होतं. आणि समजा हो म्हणाले असते, तरी ते आगाऊ किमान रक्कम मागणार, आणि ती 50 कॅसेटमधून कशी काढायची?

सरळ रस्त्याने गेलेलेही आहेत. ‘ईस : द ओथ इन फेलघाना’ या जपानी गेमचं चाहत्याने केलेलं इंग्रजी भाषांतर एक्ससीड या प्रकाशकाने घेतलं आणि 2010 च्या पीएसपी आवृत्तीत वापरलं. जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाचं ‘ट्रेल्स फ्रॉम झीरो’चं भाषांतर एनआयएस अमेरिका या प्रकाशकाने घेतलं, 2022 मध्ये ते अधिकृत बाजारात आलं, आणि गटाने आपला फुकटचा पॅच (मूळ गेमवर चढवायची, फक्त बदलांची फाइल) त्याआधीच काढून टाकला. उलट बाजूला निन्टेंडोचा ‘मदर 3’. 2008 मध्ये चाहत्यांचा इंग्रजी पॅच आला, भाषांतरकारांनी आपलं काम निन्टेंडोला देऊ केलं, पण अधिकृत इंग्रजी आवृत्ती काही निघाली नाही. त्याच पॅचच्या बनावट कॅसेट मात्र भलतेच लोक विकतात, आणि भाषांतरकाराला छदामही मिळत नाही. माझं मराठी कुणी असं विकलं, तर तक्रार करायला मी कुठल्या तोंडाने जाणार?

तर विक्री बंद, फक्त पॅच. तोही कायद्याने अगदी धुतल्या तांदळासारखा आहे, असं नाही. पण निदान त्यात मूळ मालकांचा माल असू नये. इथेच एक चूक सापडली. मजकुराला जागा हवी म्हणून मी रॉम, म्हणजे गेमची फाइल, 256 केबीवरून 512 वर नेला. या गेमच्या मॅपरमध्ये (रॉमचे तुकडे आलटूनपालटून समोर आणणारी कॅसेटमधली चिप) शेवटची बँक, म्हणजे शेवटचा तुकडा, शेवटीच लागते, म्हणून मूळ कोड उचलून मागे टाकला. मी वापरत होतो त्या आयपीएस प्रकारच्या पॅचला ‘हलवलं’ कळत नाही, ‘बदललं’ एवढंच कळतं. त्यामुळे हलवलेला त्यांचा सगळा कोड माझ्या पॅचमध्ये जसाच्या तसा जात होता! पॅच 148 केबी. बीपीएस या दुसऱ्या प्रकारात करून पाहिला. तो ‘मूळ फाइलमधून इथून इथे उचल’ एवढंच लिहितो. आता 37 केबी आहे.

माझ्या पॅचच्या 0.5 आवृत्तीची आयपीएस फाइल ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती पुढे देऊ नका. 0.6 फक्त बीपीएसमध्ये येईल, गेममधल्या दुसऱ्या गावातला म्हातारा धडपणे बोलायला लागला की. अजून त्याच्या ‘दुर्ग’वरचा रफार वरच्या ओळीतल्या उंटाच्या पायात जातोय.